ऐंशी-नव्वदीच्या पुढचे आजार आणि उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘वय झालंय आता’ हे वाक्य दवाखान्यात दोन उलट कामांसाठी वापरलं जातं. कुणी त्यानं उपचार टाळतं, तर कुणी फसलेल्या उपचारावर पांघरूण घालतं. माहिती मात्र त्यातून काहीच मिळत नाही. खालचे प्रश्न ऐंशी ओलांडलेल्या माणसांची मुलं, सुना, लेकी, नातवंडं हमखास विचारतात. उत्तरं सर्वसाधारण आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचं मत त्याहून मोठं. आणि हे वाचून परस्पर एकही गोळी बंद करू नका.

अतिवृद्ध म्हणजे नेमकं किती वय?

संशोधनात बहुधा ८० किंवा ८५ पासून पुढचं. ही रेघ सोयीसाठी ओढलेली आहे. ऐंशीव्या वाढदिवसाच्या रात्री शरीरात काही बदलत नाही. दुसऱ्या टोकाला, कागदपत्रांनिशी मान्य झालेलं सर्वांत दीर्घ आयुष्य फ्रान्सच्या झान काल्माँ यांचं आहे. १८७५ ते १९९७, म्हणजे १२२ वर्षं.

नव्वदी आली. आता उपचार करून असं किती आयुष्य वाढणार?

या प्रश्नामागे एक चुकीचं गणित असतं. सरासरी आयुर्मान पंचाहत्तर, म्हणजे पंच्याऐंशीचा माणूस दहा वर्षं ‘वरची’ जगतोय, असा तो हिशेब. पण सरासरी आयुर्मान जन्मापासून मोजतात. बालपणी आणि ऐन तारुण्यात गेलेलेही त्यात धरलेले असतात. जो ऐंशीपर्यंत पोचला तो या सगळ्या चाळण्यांतून पार झालेला असतो. श्रीमंत देशांच्या आकडेवारीत ८० वर्षांच्या माणसाला सरासरी आणखी आठ-दहा वर्षं मिळतात, नव्वदीच्या माणसाला चार-पाच आणि शंभरीच्या माणसाला साधारण दोन. ही सरासरी आहे. प्रत्यक्षात एक नव्वदीचा माणूस सहा महिन्यांत जातो, दुसरा सहा वर्षं हिंडतो-फिरतो.

म्हणून कुठल्याही उपचाराबद्दल पहिला प्रश्न हा: याचं फळ कधी मिळणार? चार आठवड्यांत धाप कमी करणारा उपचार नव्वदीतही मोलाचा आहे. दहा वर्षांनंतरचा धोका कमी करणारा बहुधा नाही.

डेन्मार्कमध्ये १९०५ साली जन्मलेल्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. ९२व्या वर्षी त्यांच्यातले ३९ टक्के लोक स्वतःचं स्वतः करत होते, आणि जे शंभरीपर्यंत पोचले त्यांच्यातले ३३ टक्के. म्हणजे फरक फार थोडा. प्रत्येक माणूस आठ वर्षांत खंगतच होता, पण जास्त खंगलेले मध्येच गेले, त्यामुळे उरलेला गट तसाच दिसत राहिला. वय वाढलं की सगळेच लोळागोळा होऊन पडतात, ही समजूत मात्र त्यातून खोटी ठरते.

वय बघायचं नाही, तर मग काय बघायचं?

आजारी पडण्याच्या पंधरा दिवस आधी माणूस कसा होता ते.

या उत्तराभोवतीच बाकीचं सगळं फिरतं. इस्पितळाच्या खाटेवर तापानं फणफणलेला नव्वदीचा प्रत्येक माणूस सारखाच दिसतो. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्यातला एक जण जिना चढून गच्चीवर जात होता आणि दुसऱ्याला अंथरुणातून उठवायला दोन माणसं लागत होती. एकाच न्यूमोनियातून दोघं वेगवेगळ्या ठिकाणी पोचणार. तपासणाऱ्या डॉक्टरांनी आधीची स्थिती पाहिलेली नसते. ती सांगायची जबाबदारी घरच्यांची, आणि ती खरी सांगायची. ‘आधी एकदम ठणठणीत होते’ हे आपण प्रेमापोटी बोलतो, पण त्यावर बेतलेला निर्णय चुकू शकतो.

या शिल्लक ताकदीच्या अभावाला डॉक्टर ‘फ्रेल्टी’ म्हणतात. आपण जर्जरपणा म्हणू. तो मोजता येतो. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाच खुणा दिल्या: नकळत वजन घटणं, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. पाचपैकी तीन असतील तर माणूस जर्जर धरतात. कॅनडाच्या केनेथ रॉकवूड यांची श्रेणी आणखी सोपी आहे. एक म्हणजे तंदुरुस्त, तिथून आठ म्हणजे पूर्ण परावलंबी आणि नऊ म्हणजे अखेरच्या आजारातला. बऱ्याच रुग्णालयांत हाच आकडा विचारला जातो.

घरच्या घरी एक गोष्ट पाहता येते, ती म्हणजे चालण्याचा वेग. २०११ मध्ये ३४,००० हून अधिक वृद्धांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा चालीचा वेग पुढच्या आयुष्याचा अंदाज चांगला देतो असं दिसलं. सेकंदाला सुमारे ०.८ मीटर वेग असेल, तर त्या वयाच्या सरासरीइतकं आयुष्य अपेक्षित धरता येतं. हृदय, फुप्फुसं, सांधे, मेंदू, डोळे सगळे धड असतील तरच माणूस भरभर चालतो. एवढ्या सगळ्यांची एकत्र तपासणी दुसऱ्या कुठल्या यंत्रात होत नाही.

आजीला ऑपरेशन झेपेल का?

कुठलं ऑपरेशन, आणि ठरवून की धावपळीत, यावर अवलंबून आहे. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत रक्त, साखर, औषधं, पोषण सगळं आधी जागेवर आणता येतं. तीच शस्त्रक्रिया आतडं अडकल्यावर मध्यरात्री करावी लागली, तर धोका कित्येक पटींनी वाढतो. ‘एवढ्या वयात कशाला’ म्हणत हर्नियासारखी गोष्ट पुढे ढकलताना हा हिशेबही मांडायला हवा. ढकललेलं ऑपरेशन टळतंच असं नाही.

मोतीबिंदूबद्दल तर घोळ घालूच नये. शस्त्रक्रिया छोटी, डोळ्यापुरती भूल, आणि फळ काही दिवसांत हातात. दिसायला लागलं की पडणं कमी होतं, गोंधळणं कमी होतं.

खुब्याचं हाड मोडणं हा सगळ्यांत कठीण प्रसंग. खरं सांगायचं तर वर्षभरात त्यातले २० ते ३० टक्के लोक दगावतात, आणि जगलेल्यांपैकी अनेकांना आधीसारखं चालता येत नाही. तरीही ऑपरेशन न करणं हा सहसा सुरक्षित पर्याय नसतो. मोडलेलं हाड तसंच ठेवलं तर प्रत्येक कुशीला कळ, म्हणून हालचाल बंद, म्हणून छातीत कफ, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या. म्हणून शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया आणि दुसऱ्या दिवशी खाटेच्या कडेला उभं करणं, अशी पद्धत आहे. २०२० मध्ये १७ देशांतल्या सुमारे ३,००० रुग्णांच्या चाचणीत निदानानंतर ६ तासांत आणि २४ तासांत केलेल्या शस्त्रक्रियांची तुलना झाली. मृत्यूंमध्ये फरक पडला नाही, पण लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना भ्रम कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. अगदी अखेरच्या टप्प्यातल्या, आधीच अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय योग्य असू शकतो. पण तेव्हाही वेदना थांबवण्याची पक्की योजना हवी.

हृदयाची महाधमनीची झडप अरुंद झाली की पूर्वी छाती उघडावी लागे, आणि खूप म्हाताऱ्या माणसांना ‘ऑपरेशनच्या पलीकडचे’ म्हणून परत पाठवत. २००२ मध्ये फ्रान्सच्या रुआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप पहिल्यांदा बसवली. पुढे २०१० मध्ये शस्त्रक्रिया अशक्य ठरलेल्या, सरासरी ८३ वर्षांच्या रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. नळीतून झडप बसवलेल्यांपैकी वर्षभरात सुमारे ३१ टक्के दगावले, नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी सुमारे ५१ टक्के. फायदा मोठा आहे. पण त्यातल्या ३१ या आकड्याकडेही बघा. झडप नवी बसली, बाकीचं शरीर तेच राहिलं. जर्जरपणा आधी मोजायचा तो याचसाठी.

भूल सहन होईल का? पूर्ण भूल बरी की पाठीतून दिलेली?

केवळ वयामुळे भूल नाकारण्याचे दिवस गेले. खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये दोन्ही प्रकारांची तुलना करणारी १,६०० रुग्णांची चाचणी २०२१ मध्ये आली. साठ दिवसांनंतर जिवंत असणं, चालता येणं आणि दरम्यान भ्रम होणं, या कशातही पाठीतली भूल सरस ठरली नाही. भूलतज्ज्ञांना निवड करू द्या. त्यांना सांगायची गोष्ट वेगळी आहे: रोजच्या गोळ्या, आधीच्या भुलेनंतर झालेला गोंधळ आणि कवळी.

दवाखान्यात नेल्यापासून बाबा काहीच्या बाही बोलताहेत, नळ्या ओढताहेत. त्यांना वेड लागलंय का?

नाही. हा डेलिरियम, म्हणजे वर आलेला भ्रम: आजारानं मेंदूचा झालेला तात्पुरता गोंधळ. तासातासाला बदलतो, संध्याकाळी वाढतो. भिंतीवर माणसं दिसतात, आपलीच मुलं अनोळखी वाटतात. याचा दुसरा प्रकार जास्त फसवा असतो. माणूस एकदम गप्प होतो, पडून राहतो, अर्धवट गुंगीत असतो. ‘चला, शांत झोपले’ म्हणून सगळे खूश होतात. हा गप्प डेलिरियम सहज नजरेतून सुटतो.

कारण शोधायचं असतं शरीरात. जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, दुखणं, तुंबलेली लघवी, चार दिवसांचं बद्धकोष्ठ, नवी झोपेची किंवा सर्दीची गोळी. कधी कधी कारण इतकं साधं असतं की हसू यावं: चष्मा घरी राहिलेला, श्रवणयंत्र कपाटात, खोलीत रात्रंदिवस दिवा चालू आणि खिडकी नाही. हात बांधले की चिडचिड आणखी वाढते, त्यामुळे तो अगदी शेवटचा उपाय.

शॅरन इनूय यांनी १९९९ मध्ये सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेळ-वार सांगत राहणं, रात्री झोपू देणं, पाणी पाजणं, लवकर चालवणं, चष्मा-श्रवणयंत्र देणं एवढ्यावर डेलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. एकही औषध न देता. त्यातलं निम्मं काम घरचं माणूस उशाशी बसून करू शकतं.

डेलिरियम ओसरायला दिवस लागतात, कधी आठवडे. काही जणांची स्मरणशक्ती नंतर पूर्वपदावर येत नाही. म्हणून ‘म्हातारपणी होतंच असं’ म्हणून सोडू नका. काल बरा असलेला माणूस आज गोंधळला, तर ती तातडीची बाब आहे.

न्यूमोनिया बरा झाला, रिपोर्ट चांगले आले, पण आई आता उठूच शकत नाही. असं कसं झालं?

आजार बरा झाला, पण खाट बाधली.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं अशा साध्या क्रिया इस्पितळातून घरी जाताना आजाराआधीपेक्षा किती जणांच्या बिघडल्या ते मोजलं. ७० ते ७४ वयोगटात हे प्रमाण २३ टक्के होतं, ८५ ते ८९ मध्ये ५० टक्के आणि नव्वदीपुढे ६३ टक्के. निदान ठीक, औषध ठीक, आणि तरी निम्म्याहून जास्त लोक आधीपेक्षा परावलंबी होऊन घरी. रुग्णालयाच्या कागदावर मात्र ‘सुधारणा झाली’ असंच लिहिलेलं असतं.

दुसऱ्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं. पायांचे स्नायू जवळपास एक किलोनं घटले. हे निरोगी होते. तापात, अर्धपोटी असलेल्या ऐंशीच्या माणसाचं काय होत असेल? त्यात नको असलेली लघवीची नळी आणि चोवीस तास सलाईन, म्हणजे दोन दोऱ्यांनी खाटेला बांधून ठेवल्यासारखंच.

ही गोष्ट नवी नाही. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरन या डॉक्टरांकडे १९३५ मध्ये शेकडो ‘कायमचे खाटेवरचे’ रुग्ण आले. त्यांनी एकेकाला नीट तपासलं, उठवलं, चालवलं, आणि बऱ्याच जणांना घरी पाठवलं. त्यांच्यापासूनच वृद्धांच्या सर्वांगीण तपासणीची पद्धत पडली: आजार, औषधं, चालणं, स्मृती, मनःस्थिती, घरची परिस्थिती एकाच वेळी बघणारा चमू. २०१७ पर्यंतच्या २९ चाचण्यांचा आढावा सांगतो की, अशी तपासणी झालेले वृद्ध नंतर जिवंत आणि स्वतःच्या घरी असण्याची शक्यता जास्त असते. तुमच्या रुग्णालयात वृद्धरोगतज्ज्ञ असतील तर त्यांचं नाव स्वतःहून काढा.

आणि रोज विचारा: आज खुर्चीत बसवलं का? लघवीची नळी अजून कशासाठी आहे? जेवण खाटेवर का, खुर्चीत का नाही?

या वयात गेलेली ताकद परत येते का?

येते. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धनिवासातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा, वजन उचलण्याचा चांगला कसून व्यायाम दिला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. गट चिमुकला होता, पण १९९४ मध्ये शंभर जणांवरच्या चाचणीतही ताकद दुपटीहून वर गेली. फिजिओथेरपी म्हणजे नुसते हातपाय हलवून देणं नव्हे. माणसाला थोडा दम लागला पाहिजे. आणि पोटात पुरेशी प्रथिनं जायला हवीत.

बीपीची गोळी ऐंशीनंतर चालू ठेवायची की बंद करायची?

पूर्वी डॉक्टरांतच मतभेद होते. २००८ मध्ये ‘हायव्हेट’ चाचणी आली. ८० च्या पुढचे ३,८४५ लोक, वरचा रक्तदाब १६० किंवा जास्त, उद्दिष्ट १५० पर्यंत खाली आणण्याचं. मृत्यू २१ टक्क्यांनी कमी, हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी कमी. फायदा दोन वर्षांच्या आत दिसला, म्हणून चाचणी वेळेआधी थांबवली. म्हणजे ‘फळ कधी’ या परीक्षेत ही गोळी उत्तीर्ण आहे.

पण या चाचणीत आलेले लोक बऱ्यापैकी धडधाकट होते. अगदी जर्जर, सतत पडणाऱ्या माणसाला तेच आकडे लावताना हात आखडता घ्यावा. आणि रक्तदाब उभं करूनही मोजा. बसून १४० आणि उभं राहिल्यावर ११० असेल, तर पुढची बातमी बाथरूममध्ये पडल्याची असते.

साखर अगदी काटेकोर ठेवायला हवी ना?

उलट. या वयात जास्त साखरेपेक्षा कमी साखर जास्त घातक. काटेकोर साखरेचा फायदा कित्येक वर्षांनी मिळतो, साखर उतरण्याचा फटका आज रात्री बसतो. तो घाम-थरथरीऐवजी गोंधळ किंवा पडणं या रूपात दिसू शकतो. बरेच आजार असलेल्या वृद्धांसाठी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (एचबीए१सी) आठ टक्क्यांच्या आसपास चालतो. फारच जर्जर असतील तर आकड्यामागे न लागता फक्त साखर खूप चढू किंवा उतरू नये एवढं बघतात. नव्वदीच्या माणसाचा आकडा सहा आला आणि ते इन्सुलिनवर असतील, तर पेढे वाटू नका, डॉक्टरांना फोन करा.

दिवसाला बारा गोळ्या आहेत. सगळ्या लागतात का?

बहुधा नाही. पण कुठल्या नकोत हे ठरवणं कौशल्याचं काम आहे. गोळ्यांची साखळी कशी तयार होते ते बघा. बीपीसाठी ॲम्लोडिपिन दिलं, पाय सुजले. सूज उतरवायला लघवीची गोळी आली. मग लघवी आवरेना, म्हणून मूत्राशय शांत करणारी गोळी. तिनं तोंड कोरडं, पोट गच्च आणि डोकं गोंधळलेलं. आता स्मरणशक्तीची गोळी. पहिल्या गोळीचा दुष्परिणाम कुणाच्या लक्षात आला असता, तर पुढच्या तिन्ही लागल्या नसत्या.

मूत्रपिंडाचाही भाग आहे. मूत्रपिंडाचं काम रक्तातल्या क्रिएटिनिनवरून जोखतात, पण ते स्नायूंतून येतं. स्नायूच उरले नसतील तर अहवालात आकडा ‘नॉर्मल’ दिसतो आणि मूत्रपिंड निम्म्यावर आलेलं असतं. औषधाचा डोस ठरवताना वय-वजन धरून हिशेब करावा लागतो.

अमेरिकेत मार्क बियर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती आजही सुधारून वापरतात. झोपेच्या आणि भीतीच्या गोळ्या, गुंगी आणणारी सर्दीची औषधं, रोजच्या रोज घेतलेली वेदनाशामकं ही त्यातली नेहमीची मंडळी. ॲस्पिरिनचंही तसंच. २०१८ मध्ये १९,००० हून अधिक निरोगी वृद्धांवरच्या चाचणीत, आधी हृदयविकार नसलेल्यांना रोजच्या ॲस्पिरिननं धडधाकट आयुष्य वाढवून दिलं नाही, रक्तस्राव मात्र वाढवला. हार्ट अटॅक किंवा स्टेंट होऊन गेलेल्यांना हे लागू नाही, त्यांनी ॲस्पिरिन सोडू नये.

सगळ्या गोळ्या, थेंब, चूर्णं, मलमं एका पिशवीत भरून वर्षातून एकदा एकाच डॉक्टरांपुढे ओता. बंद करायच्या त्या एकेक करून, काही तर हळूहळू उतरवत.

ताप नाही, छातीत दुखत नाही, तरी डॉक्टर ॲडमिट करा म्हणतात. का?

कारण या वयात शरीर नेहमीची घंटा वाजवत नाही. न्यूमोनिया तापाशिवाय येतो, हार्ट अटॅक नुसती धाप किंवा गळून जाणं म्हणून येतो, आतडं फाटलं तरी पोट मऊ लागू शकतं. खाणं सुटलं, पडणं सुरू झालं, गोंधळ वाढला ही तीन लक्षणं कुठल्याही आजाराची असू शकतात.

याची उलटी बाजूही आहे. कित्येक वृद्ध स्त्रियांच्या लघवीत जंतू कायमच असतात आणि त्रास काहीच नसतो. केवळ अहवालात जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक नको, आणि गोंधळाचं खरं कारण शोधणं त्यावर थांबायला नको.

हार्ट अटॅक आलाय. अँजिओग्राफी करायची का?

रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेला मोठा झटका असेल, तर ऐंशीनंतरही तातडीच्या अँजिओप्लास्टीचा विचार करतात. वेळ दवडू नका. दुसऱ्या, तुलनेनं सौम्य प्रकारात उत्तर तितकं सरळ नाही. ब्रिटनमधल्या सरासरी ८२ वर्षांच्या १,५१८ रुग्णांची चाचणी २०२४ मध्ये आली. अँजिओग्राफीच्या मार्गानं गेलेल्यांना पुढचे झटके कमी आले, पण हृदयविकारानं होणारे मृत्यू आणि झटके मिळून पाहिलं तर ठोस फरक नव्हता. म्हणजे दोन्ही मार्ग योग्य असू शकतात. जर्जर माणसासाठी औषधांचा मार्ग धरणं म्हणजे उपचार नाकारणं नव्हे.

आयसीयूत ठेवायचं का? व्हेंटिलेटर लावायचा का?

युरोपातल्या आयसीयूंमध्ये दाखल झालेल्या ८० च्या पुढच्या ५,०२१ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस दिवसांत सुमारे एक तृतीयांश दगावले, आणि जर्जर असलेले जास्त. फ्रान्समधली पंचाहत्तरीपुढच्या ३,००० हून अधिक अत्यवस्थ रुग्णांवरची एक चाचणीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. काही रुग्णालयांत अशांना आवर्जून आयसीयूत घेतलं, बाकी ठिकाणी नेहमीप्रमाणे. सहा महिन्यांच्या मृत्युप्रमाणात त्यामुळे घट दिसली नाही.

यातून ‘आयसीयू नकोच’ असं निघत नाही. लवकर उलटवता येणारं कारण असेल आणि पंधरा दिवसांपूर्वी माणूस हिंडता-फिरता असेल, तर जरूर न्या. मधला मार्गही आहे: ठरावीक मुदतीचा प्रयत्न. तीन ते पाच दिवस सगळं करू, काय सुधारलं पाहिजे ते आज ठरवू, नाही सुधारलं तर आरामावर भर देऊ. हे बोलणं नळी घालण्याआधी व्हायला हवं. नंतर ते कुणालाच जमत नाही.

हृदय बंद पडलं तर छाती दाबून परत आणता येतं ना?

पडद्यावर येतं. प्रत्यक्षात रुग्णालयातच हृदय थांबलेल्या आणि ही धडपड केलेल्या नव्वदीपुढच्या शंभरांपैकी साधारण बारा जण घरी जाण्याइतके वाचतात. फासळ्या मोडतात, मेंदूला इजा होऊ शकते. तुलनेनं धडधाकट माणसात अचानक ताल बिघडला असेल तर प्रयत्न सार्थ. महिनोन्महिने खंगत आलेल्या शरीराचं हृदय सगळ्यात शेवटी थांबतं, तिथे छाती दाबून मूळ कारण हटत नाही.

किडन्या निकामी झाल्यात. डायलिसिस सुरू करावं का?

स्वतःचं स्वतः करणाऱ्या, एक-दोनच आजार असलेल्या माणसाला त्यानं चांगली वर्षं मिळू शकतात. आधीच परावलंबी असलेल्यांचं चित्र निराळं. अमेरिकेत नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या ३,७०२ जणांनी डायलिसिस सुरू केलं. २००९ मधल्या त्या अभ्यासात वर्षभरात ५८ टक्के दगावले आणि फक्त १३ टक्क्यांची आधीची क्षमता टिकली. आठवड्यातून तीनदा जाणं-येणं आणि नंतरचा थकवा धरला, तर हातात उरतात किती दिवस? डायलिसिसशिवाय औषधांनी धाप, खाज, मळमळ, सूज आटोक्यात ठेवण्याची पद्धतशीर वाट आहे. ती हवी असेल तर स्पष्ट विचारा, सगळीकडे आपणहून सांगतातच असं नाही.

आजी काही खातच नाहीत. नाकातून नळी घालू का?

पक्षाघातानंतर गिळणं तात्पुरतं गेलं असेल, तर जरूर. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात मात्र नळीनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. नळी उपसू नये म्हणून हात बांधले जातात ते वेगळंच. अशा वेळी मऊ, आवडीचं, घोटघोट, बसवून, हातानं भरवणं. दोन घास गेले तरी चालेल. ‘उपाशी मारताय का’ असं विचारणारे नातेवाईक भेटतील. त्यांना सांगा, मरणाकडे निघालेलं शरीर खाणं सोडतं. खाणं सोडल्यामुळे ते निघालेलं नसतं. त्याआधी तोंड उघडून मात्र बघा: कवळीची जखम, दुखरी दाढ, तोंडातली बुरशी, किंवा भूक मारणारी गोळी.

कॅन्सरच्या नियमित तपासण्या चालू ठेवायच्या का?

स्तन आणि मोठ्या आतड्याच्या चाळणी तपासण्यांचं, म्हणजे काही त्रास नसताना केलेल्या तपासण्यांचं, फळ मिळायला साधारण दहा वर्षं लागतात. पंच्याऐंशीनंतर सहसा थांबवतात. गाठ लागली, रक्त गेलं तर ती चाळणी नव्हे, तपासायलाच हवं.

आता लस घेऊन काय?

फ्लू, न्यूमोनिया, नागीण या तिन्हींबद्दल डॉक्टरांशी बोला. नागिणीच्या नव्या लशीनं सत्तरीपुढच्या लोकांत सुमारे ९० टक्के संरक्षण दिल्याचं २०१६ मध्ये दिसलं. म्हाताऱ्या शरीरात लस कमी चालते या नियमाला हा सुखद अपवाद.

डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

‘चान्स किती टक्के?’ हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. सत्तर टक्के म्हणजे तुमच्या आईचं काय होणार, हे त्यातून कळत नाही. असं विचारा: सगळं चांगलं झालं तर तीन महिन्यांनी ती कशी असेल? वाईट झालं तर कशी? तुम्हाला स्वतःला बहुधा कुठलं वाटतं? आणि काहीच केलं नाही तर? उत्तर ‘ऑपरेशन सक्सेसफुल’ असं आलं तर पुढे विचारा, ती स्वतः संडासला जाऊ शकेल का? बऱ्याच घरांत सगळा निर्णय या एका वाक्यावर ठरतो.

निर्णय त्यांना विचारायचा, की आपणच घ्यायचा?

त्यांना विचारायचा. २००२ मध्ये गंभीर आजार असलेल्या, साठीपुढच्या २२६ जणांना एक प्रश्न विचारला गेला: उपचारानं जगाल, पण शरीरानं पार परावलंबी व्हाल, तर उपचार घ्याल? सुमारे ७४ टक्के नको म्हणाले. बुद्धी पार जाणार असेल तर ८९ टक्के. उरलेल्यांना तरीही हवा होता, आणि कोण कुठल्या बाजूचं हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. मुलांचा अंदाजही अनेकदा चुकतो.

विचारायची वेळ बरं असताना, निवांत दुपारी. ‘तुम्हाला काही झालं तर’ अशी सुरुवात नको. ओळखीतल्या कुणाचं आजारपण ताजं असेल तर त्यावरून विषय काढा: त्यांचं केलं तसं तुमचं करावं का? उत्तर लिहून ठेवा, दूर राहणाऱ्या भावंडांनाही ऐकवा, आणि वर्षाने पुन्हा विचारा, कारण मत बदलतं. विचारण्याआधी कानातलं यंत्र लावलंय का आणि त्याची बॅटरी चालू आहे का ते बघा. ‘त्यांना आता काही कळत नाही’ असं ज्यांच्याबद्दल सांगतात, त्यांच्यातल्या काहींना फक्त ऐकू येत नसतं.